वाचकांचे प्रश्न : पोटाच्या विकारांची परिभाषा

या वेळी आलेली बरीच पत्रे एकाच विषयाभोवतीची आहेत : पचनसंस्थेचे आजार, तपासण्या आणि उपचार यांची नावे शिकावीत कशी, आणि ती कागदावर समोर आली की त्यांचा अर्थ लावावा कसा. त्यांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार छापलेली नाहीत.

प्रश्न : मी भुदरगड तालुक्यातील असून बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकले. सध्या कोल्हापुरात जीएनएम या नर्सिंग अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षाला आहे. पचनसंस्थेच्या प्रकरणातील शब्द पाठ करते आणि लगेच विसरते. कोलायटिस, कोलेसिस्टायटिस, कोलँजायटिस हे तर मला एकच वाटतात. शिवाय वॉर्डातील रुग्ण जे सांगतात, ते केसपेपरवर कोणत्या शब्दांत लिहावे हेही सुचत नाही. अभ्यास कसा करावा?

उत्तर : पाठ केलेले विसरण्याचे कारण असे की, प्रत्येक शब्द तुम्ही न फोडता, सबंध पाठ करत आहात. वैद्यकातील बहुतेक शब्द ग्रीक आणि काही लॅटिन तुकडे जोडून तयार झालेले आहेत आणि शाळेत सामासिक शब्दांचा विग्रह केला तसाच त्यांचाही करता येतो. शब्दाचा सुरुवातीचा भाग बहुधा जागा सांगतो, शेवटचा भाग तेथे काय झाले किंवा काय केले ते सांगतो. 'गॅस्ट्र' म्हणजे जठर, 'एंटर' म्हणजे आतडे, 'हेपॅट' म्हणजे यकृत, 'पॅन्क्रिअट' म्हणजे स्वादुपिंड, 'प्रॉक्ट' म्हणजे गुदाशय व गुदद्वार, 'लॅपर' म्हणजे उदर. यांना दाह सांगणारा 'आयटिस' हा प्रत्यय लावला की गॅस्ट्रायटिस, हेपॅटायटिस, पॅन्क्रिअटायटिस हे शब्द उलगडतात आणि गॅस्ट्रोएंटरायटिस म्हणजे जठर व आतडे दोन्हींचा दाह, हे कोणी सांगावे लागत नाही. असे पंचवीसएक तुकडे पक्के झाले की या प्रकरणातील बराचसा भार हलका होतो.

शस्त्रक्रियांच्या नावांत मात्र शेवटाकडे दुप्पट लक्ष द्यावे, कारण तेथे एखाद्या अक्षराने अर्थ पालटतो. 'ऑटॉमी' म्हणजे छेद घेणे, 'एक्टॉमी' म्हणजे अवयव किंवा त्याचा भाग काढून टाकणे आणि 'ऑस्टॉमी' म्हणजे नवे तोंड किंवा नवा मार्ग तयार करणे. लॅपरोटॉमी झालेल्या रुग्णाचे पोट छेद घेऊन उघडलेले असते. कोलेक्टॉमी झालेल्या रुग्णाचे मोठे आतडे अंशतः किंवा पूर्ण काढलेले असते. कोलोस्टॉमी झालेल्या रुग्णाच्या मोठ्या आतड्याचे तोंड पोटावर आणून तेथे पिशवी बसवलेली असते. या तिघांची शुश्रूषा वेगळी आणि नातेवाइकांना द्यायची माहितीही वेगळी. कोलोस्टॉमीचे तोंड लालसर-गुलाबी आणि ओलसर असायला हवे, ते जांभळे किंवा काळपट दिसू लागले तर डॉक्टरांना ताबडतोब कळवायचे असते. शब्द नेमका कळला नाही, तर पिशवी बदलताना नक्की काय पाहायचे हेच कळणार नाही, म्हणून मी या तीन प्रत्ययांवर इतका भर देतो.

आता तुमचे तीन शब्द. 'कोल' असे ऐकू येणारे दोन वेगळे तुकडे आहेत आणि देवनागरीत लिहिल्यावर ते सारखेच दिसू लागतात. एक मोठ्या आतड्याचा आहे, त्याच्या रोमन स्पेलिंगमध्ये 'सी'नंतर थेट 'ओ' येतो. दुसरा पित्तरसाचा, त्यात 'सी'नंतर 'एच' येतो. कोलायटिस पहिल्यातला, म्हणजे मोठ्या आतड्याचा दाह. 'कोले' म्हणजे पित्त आणि 'सिस्ट' म्हणजे पिशवी, म्हणून कोलेसिस्टायटिस हा पित्ताशयाचा दाह. 'अँजि' म्हणजे नलिका, म्हणून कोलँजायटिस हा पित्तनलिकांचा दाह. थंडी वाजून ताप, कावीळ आणि उजव्या बरगडीखाली दुखणे ही लक्षणे एकत्र दिसली की त्याची शंका घेतात आणि तो तातडीने उपचार करण्याचा आजार आहे. सुरुवातीला 'कोले' न लागता नुसते सिस्टायटिस लिहिलेले असेल, तर तो मूत्राशयाचा दाह होय.

कानाला फसवणारे आणखी काही शब्द आहेत. ॲसायटिस ऐकले की विद्यार्थी दाह समजतात, परंतु तो जलोदर, म्हणजे उदरपोकळीत पाणी साठणे. त्याच्या स्पेलिंगचा शेवट 'आयटिस'पेक्षा वेगळा आहे. इलियम हे लहान आतड्याच्या शेवटच्या भागाचे नाव आहे आणि कमरेच्या हाडाच्या एका भागाचेही. आतड्याच्या शब्दात मधले अक्षर 'ई', हाडाच्या शब्दात 'आय'. डिस्फेजिया म्हणजे गिळण्यास त्रास होणे, तर डिस्फेझिया म्हणजे बोलण्यातील दोष, जो पक्षाघातानंतर आढळतो. म्हणून वहीत प्रत्येक शब्दाचा देवनागरीतील उच्चार आणि रोमन स्पेलिंग दोन्ही लिहीत जा. केवळ उच्चारावर विसंबून हा विषय येत नाही.

वॉर्डासंबंधीचा तुमचा प्रश्न मला याहूनही मोलाचा वाटतो. कोल्हापूरच्या मोठ्या रुग्णालयांत करवीर-पन्हाळ्याचा रुग्ण येतो, तसा कोकणातून घाट चढून आलेला आणि निपाणीकडचाही येतो, आणि प्रत्येकाची पोटाची भाषा थोडी वेगळी असते. घशाशी येतं, करपट ढेकरा येतात, पोट डब्ब झालंय, कळ मारते, आव पडते, ढाळ लागलेत, कोंब बाहेर येतो, जेवण जात नाही, अशी वाक्ये तुम्ही रोज ऐकत असाल. ती वहीच्या डाव्या पानावर जशीच्या तशी लिहा आणि उजव्या पानावर त्यांचे वैद्यकीय नाव लिहा. घशाशी येणे म्हणजे रिगर्जिटेशन, पोट डब्ब होणे म्हणजे डिस्टेन्शन, आव पडणे म्हणजे शौचातून श्लेष्मा जाणे.

तरीही रूपांतराची घाई करू नये. 'मला पित्त झालंय' असे रुग्ण म्हणतो तेव्हा त्याला छातीतील जळजळ, आंबट पाणी घशाशी येणे, उलटीसह उठणारी अर्धशिशी किंवा अंगावर उठलेल्या खाजऱ्या गांधी यांपैकी काहीही म्हणायचे असते आणि यकृतात तयार होणारा खरा पित्तरस बहुधा यांत कोठेच नसतो. 'छातीत गॅस अडकलाय' हे वाक्य तर अधिक जपून ऐकावे. घाम सुटलेला, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ जाणारा रुग्ण हे सांगत असेल तर ॲसिडिटी असे लिहून मोकळे होऊ नका, आधी डॉक्टरांना बोलवा. तो हृदयविकाराचा झटका असू शकतो. केसपेपरवर तक्रार प्रथम रुग्णाच्याच शब्दांत लिहावी आणि मग केव्हापासून, किती वेळा, जेवणाआधी की नंतर, रंग कोणता, रक्त आहे का, हे विचारून त्याची उत्तरे लिहावीत.

रक्ताविषयीचे शब्द सर्वांत आधी शिका. हिमॅटेमेसिस म्हणजे रक्ताची उलटी. हिमॉप्टिसिस म्हणजे खोकल्यातून रक्त पडणे, आणि ते फुप्फुसांकडून येते. मेलिना म्हणजे डांबरासारखी काळी, चिकट, उग्र वासाची शौच. रक्तस्राव बहुधा वरच्या भागात, जठरात किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीला झालेला असतो. हिमॅटोकेझिया म्हणजे शौचातून लाल रक्त जाणे. लोहाच्या गोळ्या घेणाऱ्यांची शौचही काळी होते, म्हणून काळा रंग ऐकल्यावर गोळ्यांची चौकशी करायला विसरू नये.

याच्या जोडीला पोटाचा नकाशा काढा. दोन आडव्या आणि दोन उभ्या रेषांनी पोटाचे नऊ भाग पडतात : मधल्या रांगेत वरपासून एपिगॅस्ट्रिक, अंबिलिकल आणि हायपोगॅस्ट्रिक, दोन्ही बाजूंना हायपोकाँड्रियाक, लंबर आणि इलियाक. ॲपेंडिसायटिसचे दुखणे अनेकदा बेंबीभोवती सुरू होऊन काही तासांनी उजव्या इलियाक भागात स्थिरावते, हे या नकाशावर बाण काढून पाहिले की दोन्ही नावे एकदमच लक्षात राहतात.

मराठी प्रतिशब्दांसाठी राज्य शासनाच्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश चाळावेत. जठरव्रण, आंत्रपुच्छ, स्वादुपिंड हे शब्द लेखनात नेमके आहेत आणि ते तुम्हाला यायलाच हवेत. रुग्णाशी बोलताना मात्र 'तुमच्या पोटात जखम आहे' असेच सांगावे.

प्रश्न : वडिलांच्या डिस्चार्ज कार्डवर 'कोलेलिथियासिस विथ कोलेडोकोलिथियासिस, ईआरसीपी अँड सीबीडी स्टेंटिंग डन, लॅप कोले डन' असे लिहिले आहे. आता पित्ताशयच काढले, त्यामुळे त्यांचा जुना पित्ताचा त्रास कायमचा गेला, असे नातेवाईक म्हणतात. हे खरे आहे का? (राजारामपुरी, कोल्हापूर)

उत्तर : कार्डावरील मजकूर क्रमाने पाहू. 'लिथ' म्हणजे खडा, म्हणून कोलेलिथियासिस म्हणजे पित्ताचे खडे होणे. सीबीडी म्हणजे यकृत आणि पित्ताशयाकडून येणारा पित्तरस लहान आतड्यात नेणारी मुख्य पित्तनलिका. 'कोलेडोको' हा तुकडा तिचाच आहे. म्हणजे खडे पित्ताशयात होते आणि त्यांतील काही या नलिकेतही अडकले होते. ईआरसीपीचे पूर्ण नाव एंडोस्कोपिक रेट्रोग्रेड कोलँजिओपॅन्क्रिएटोग्राफी. तोंडावाटे दुर्बीण आतड्यापर्यंत नेऊन, नलिकेच्या तोंडातून औषध उलट दिशेने सोडून पित्तनलिका आणि स्वादुपिंडाची नलिका एक्स-रेवर पाहतात आणि त्याच मार्गाने नलिकेतील खडेही काढता येतात. वडिलांच्या बाबतीत पित्तरस वाहता राहावा म्हणून नलिकेत बारीक नळी, म्हणजे स्टेंट, बसवली आहे. 'लॅप कोले' हे लॅपरोस्कोपिक कोलेसिस्टेक्टॉमीचे बोलीतील रूप होय, म्हणजे लहान छिद्रांतून दुर्बिणीच्या साहाय्याने पित्ताशय काढणे.

नातेवाइकांचे म्हणणे बरोबर नाही. पित्तरस पित्ताशयात तयार होत नाही. तो यकृतात तयार होतो, दिवसाला साधारण ५०० ते १,००० मिलीलीटर, आणि पित्ताशय त्यातील थोडा भाग, एका वेळी ३० ते ५० मिलीलीटर, घट्ट करून साठवते. पित्ताशय काढल्यावर पित्तरस थेट आतड्यात उतरत राहतो आणि पचन चालू राहते. काही जणांना सुरुवातीला तेलकट खाल्ल्यावर पातळ शौचाला होते, म्हणून आरंभीचे काही आठवडे कमी तेलाचा आहार सुचवतात. ज्याला आपण घरी पित्ताचा त्रास म्हणतो, ती घशाशी येणारी आंबट जळजळ जठरातील आम्लाची असते आणि तिचा पित्ताशयाशी संबंध नसतो. ती पुढेही राहिली तर शस्त्रक्रिया फसली असे समजू नये. तिच्यासाठी वेगळे उपचार घ्यावेत.

तुमच्या पत्रात ज्याचा उल्लेख नाही, ते मात्र आवर्जून सांगतो. स्टेंट काढायचा आहे का आणि कधी, हे कार्डावर शोधा. सापडले नाही तर डॉक्टरांकडून तारीख लिहून घ्या. प्लास्टिकचा स्टेंट साधारणपणे तीन महिन्यांच्या आत काढतात किंवा बदलतात. बरे वाटू लागले की घरातील माणसे तो विसरतात, मग तो तुंबतो आणि वर सांगितलेला कोलँजायटिस होऊ शकतो. थंडी वाजून ताप आला किंवा डोळे पिवळे दिसले तर तारखेची वाट न पाहता रुग्णालय गाठा.

प्रश्न : भावाच्या एंडोस्कोपीच्या रिपोर्टमध्ये 'ड्युओडिनल अल्सर, आरयूटी पॉझिटिव्ह' असे आहे. हे तांबड्या रश्श्यामुळे झाले, असे घरी सगळे म्हणतात. (गडहिंग्लज)

उत्तर : ड्युओडिनम म्हणजे लहान आतड्याचा पहिला, सुमारे २५ सेंटिमीटरचा भाग, तेथे व्रण आहे. आरयूटी म्हणजे रॅपिड युरिएज टेस्ट. हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू युरिएज नावाचे विकर, म्हणजे एन्झाइम, तयार करतो आणि ते सापडले की जिवाणू आहे असे समजतात. अशा व्रणांचे कारण काळजी, तिखट आणि आम्ल हेच आहे, असे डॉक्टरही दीर्घकाळ मानत होते. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी १९८२ मध्ये हा जिवाणू प्रयोगशाळेत वाढवून दाखवला. १९८४ मध्ये मार्शल यांनी तो स्वतः पिऊन जठराचा दाह ओढवून घेतला, आणि २००५ मध्ये दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. तेव्हा रश्श्यावर खापर फोडू नये. तिखटाने जळजळ वाढू शकते, म्हणून सध्या बेताने खाणे योग्य. परंतु व्रणाची मोठी कारणे दोन, हा जिवाणू आणि वारंवार घेतल्या जाणाऱ्या वेदनाशामक गोळ्या. अंगदुखीसाठी भाऊ दुकानातून गोळ्या आणून घेत असेल, तर ते डॉक्टरांना सांगा. या जिवाणूवर आम्ल कमी करणारे औषध आणि प्रतिजैविके एकत्र, बहुधा १४ दिवस देतात. दुखणे थांबले म्हणून ती मध्येच सोडली तर जिवाणू टिकून राहतो आणि त्या औषधांना दाद देईनासा होऊ शकतो.

प्रश्न : मी कागलमध्ये औषध दुकानात काम करतो. पोटाच्या औषधांची नावे आणि चिठ्ठीवरील खुणा लक्षात ठेवण्याची काही रीत आहे का?

उत्तर : कंपनीचे नाव बाजूला ठेवून पाकिटावरील मूळ औषधाचे नाव वाचा, कारण त्याचा शेवट बहुधा औषधाचा गट सांगतो. ओमेप्रेझोल, पँटोप्रेझोल, रॅबेप्रेझोल यांतील 'प्रेझोल' हा आम्लनिर्मिती रोखणाऱ्या गटाचा शेवट आहे. फॅमोटिडिनमधील 'टिडिन' आम्ल वेगळ्या मार्गाने कमी करणाऱ्या गटाचा. ऑन्डॅनसेट्रॉनमधील 'सेट्रॉन' उलटी थांबवणाऱ्या गटाचा. परंतु केवळ 'झोल' ऐकून हात पुढे करू नका. अल्बेंडाझोल जंतांवर, मेट्रोनिडाझोल आमांशावर आणि फ्लुकोनाझोल बुरशीवर असते. ॲरिपिप्रेझोलचा शेवट तर 'प्रेझोल'सारखाच ऐकू येतो आणि ते मानसिक आजारांवरील औषध आहे. अक्षर लागत नसेल तर चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरांना फोन करावा, अंदाज करू नये.

खुणांपैकी ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी दोनदा, टीडीएस तीनदा, एचएस झोपताना, एसी जेवणाआधी, पीसी जेवणानंतर आणि एसओएस म्हणजे गरज पडली तरच. 'प्रेझोल' गटाची गोळी नाश्त्याच्या साधारण अर्धा तास आधी, उपाशीपोटी घ्यायची असते. अनेक ग्राहक ती जेवणावर घेतात आणि गुण येत नाही असे म्हणतात, म्हणून पाकीट देताना एवढे एक वाक्य अवश्य बोला.

प्रश्न : मी शाहूवाडी तालुक्यात आशा स्वयंसेविका आहे. लोक जुलाब, ढाळ, हगवण हे शब्द कसेही वापरतात. नोंद करताना नेमके काय धरावे? तसेच कावीळ झाली की लोक आधी ती उतरवायला जातात. रिपोर्टवरील हेपॅटायटिस ए, बी, ई यांतील फरक त्यांना कसा सांगावा?

उत्तर : शब्द कोणताही असो, २४ तासांत तीन किंवा अधिक वेळा पातळ शौच झाली तर तो अतिसार, म्हणजे डायरिया. तान्ह्या बाळाची आईच्या दुधावरची नेहमीची मऊ, वारंवार होणारी शौच यात धरू नये. अतिसार १४ दिवस किंवा त्याहून अधिक टिकला तर तो दीर्घकाळ टिकणारा अतिसार होय, आणि त्या मुलाला डॉक्टरांकडे पाठवायला हवे. शौचात रक्त असेल तर आमांश, म्हणजे डिसेंट्री. भाताच्या पेजेसारखे पाणी मोठ्या प्रमाणात आणि झपाट्याने जात असेल तर पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, शंका घेऊन त्याच वेळी प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवावे.

ओआरएस म्हणजे तोंडाने द्यायचे क्षारसंजीवनीचे पाणी. १९७१ मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांच्या पश्चिम बंगालमधील बनगाव येथील छावणीत सलाइन अपुरे पडू लागले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी हे पाणी पिंपांतून वाटायला सुरुवात केली आणि पटकीने होणारे मृत्यू मोठ्या प्रमाणात रोखले. जागतिक आरोग्य संघटनेच्या सध्याच्या सूत्रात एका लीटरला २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट असते. हे प्रमाण जपण्यासाठी एक लीटरचे पाकीट पूर्णच्या पूर्ण एक लीटर उकळून गार केलेल्या पाण्यात घालावे, थोडे-थोडे काढून पेल्यात मिसळू नये, आणि तयार पाणी २४ तासांनंतर वापरू नये. मुलांना याच्या जोडीला झिंकची गोळी १४ दिवस द्यायची असते, सहा महिन्यांपुढील मुलांना रोज २० मिलीग्रॅम आणि त्याहून लहान बाळांना १० मिलीग्रॅम. जुलाब थांबले की आया गोळ्या बंद करतात. म्हणून पुढच्या भेटीत गोळ्यांचे पाकीट पाहायला मागा.

कावीळ हे लक्षण आहे आणि त्याची कारणे अनेक असतात. यकृताला विषाणूमुळे आलेली सूज म्हणजे विषाणूजन्य हेपॅटायटिस. त्यातील ए आणि ई दूषित पाणी व अन्नातून पसरतात, बी आणि सी रक्तातून, दूषित सुईतून, शरीरसंबंधातून आणि आईकडून बाळाला. २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली होती. पाण्यामुळे कावीळ होते हे सांगताना आपल्याच जिल्ह्यातील हे उदाहरण द्या, लोकांना ते पटते. ए आणि ई बहुतेकांमध्ये विश्रांतीने आपोआप बरे होतात. माळ घालून किंवा औषध पाजून कावीळ उतरली असे वाटते, त्याचे कारण तेच आहे. परंतु बी आणि सी शरीरात वर्षानुवर्षे राहून यकृत निकामी करू शकतात आणि तेव्हा उतरवण्यात घालवलेला वेळ भरून निघत नाही. बी विरुद्धची लस बाळाला जन्मल्यापासून २४ तासांच्या आत देतात, आणि नंतर ६, १० व १४ आठवड्यांच्या पेंटाव्हॅलंट, म्हणजे पाच रोगांवरील एकत्रित, लशीतही ती असते. घरी झालेल्या बाळंतपणात हा पहिला डोस राहून जातो, तेथे तुम्हीच लक्ष घालायला हवे.

हेपॅटायटिस ई गरोदरपणात, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, जिवावर बेतू शकतो. गरोदर बाईचे डोळे पिवळे दिसले किंवा लघवी गडद पिवळी होते असे तिने सांगितले, तर घरच्यांशी उतरवण्यावरून वाद घालत बसू नका. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावून तिला त्याच दिवशी रुग्णालयात पोहोचवा आणि संदर्भ चिठ्ठीवर 'गरोदर, कावीळ' हे दोन शब्द ठळक लिहा.